फेकजाळ्याचे शिशाचे मणी: धातू, साचा, ओतकाम आणि हाताची काळजी

हतनूरच्या फुगवट्यापासून प्रकाशाच्या बंधाऱ्यापर्यंत तापीवर फेकजाळे गोल पडते की लांबट, लवकर बुडते की रेंगाळते, हे त्याच्या खालच्या घेरात ओवलेल्या शिशावर ठरते. बाजारात मणी किलोवर मिळतात. पण त्यांची भोके आपल्या दोरीच्या मापाची नसतात, कडा धारदार असतात आणि एकाच किलोतले मणी तोलले तर १४ ग्रॅमपासून २२ ग्रॅमपर्यंत निघतात. असे मणी ओवलेले जाळे एका बाजूला आधी बसते आणि मासा दुसऱ्या बाजूने निघून जातो. म्हणून जाळे विणणारे बरेच जण मणी स्वतः ओततात.

ओतकामात सगळ्यांचे लक्ष आगीकडे असते, साच्याकडे कोणी बघत नाही. मणी बिघडतात ते बहुतेक थंड साच्यामुळे. आणि माणूस आजारी पडतो तो धुरापेक्षा हाताला लागून तोंडात गेलेल्या शिशामुळे. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचे काम सवयीने जमते.

शिसेच का, आणि कोणी हे काम करू नये

शिशाची घनता ११.३४, म्हणजे पाण्याच्या सव्वाअकरा पट. त्यामुळे १०० ग्रॅम शिशाचे वजन पाण्यात गेल्यावर ९१ ग्रॅम उरते. लोखंडाचे ८७ उरते. आपल्याकडच्या काळ्या दगडाचे ६५च्या आसपास, आणि भाजलेल्या मातीच्या मण्यांचे जेमतेम निम्मे. लोखंड वजनाला फारसे कमी नाही, पण ते गंजते आणि गंजलेली कड नायलॉन कापते. शिवाय शिसे ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या कोळशाच्या शेगडीवर काम होते.

घरात सहा वर्षांच्या आतले मूल असेल, कोणी गरोदर असेल, किंवा घरापासून वेगळी उघडी जागा मिळत नसेल, तर हे काम हाती घेऊ नका. तयार मणी विकत घ्या. लहान मुलाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी निम्म्यापर्यंत शिसे शरीरात शोषले जाते, मोठ्या माणसात हे प्रमाण एक दशांशाच्या आसपास असते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवते आणि तिथून ते निघायला दशके लागतात.

कोणते शिसे घ्यावे

भंगारात शिसे बऱ्याच रूपांत येते आणि सगळे सारखे नसते. जुन्या टेलिफोन केबलवरचे आवरण, जुन्या बिडाच्या नळांच्या सांध्यांतले शिसे, छतावरची पत्र्यासारखी पट्टी हे मऊ शिसे. नखाने ओरखडा उठतो, फरशीवर टाकले तर ‘ठप्’ असा मेलेला आवाज येतो. जाळ्याच्या कामाला हे सर्वांत चांगले. ज्यांना पट्टी किंवा चिरलेला मणी दोरीवर ठेवून हातोडीने दाबून बसवायचा आहे, त्यांनी मऊ शिशाशिवाय दुसरे घेऊच नये.

गाड्यांच्या चाकांना लावायच्या वजनांत तीन-चार टक्के अँटिमनी असते, त्यामुळे धातू थोडा कडक होतो. भोकाचा मणी ओवायचा असेल तर हा कडकपणा उपयोगी, कारण मणी दगडावर आपटून चपटा होत नाही. पण हल्ली या वजनांत जस्ताची आणि लोखंडाचीही वजने मिसळलेली असतात. जस्त ४१९.५ अंशाला वितळते. म्हणून शिसे ३५० ते ३८० अंशांवर ठेवले तर शिशाची वजने वितळतात आणि जस्त, लोखंड, क्लिपा वर तरंगतात. त्या झाऱ्याने उचलून टाका. उष्णता वाढवत नेली आणि जस्त आत विरघळले, तर रस कण्हेरीसारखा दाटतो, साच्यात भरत नाही, मण्यावर खरबरीत साय धरते. तो सगळा रस बाजूला काढावा लागतो, नवीन शिसे घालून तो सुधारत नाही.

जुन्या छापखान्यांतले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, भंगारात अजून कुठे कुठे दिसतात. त्यात अँटिमनी भरपूर असते. अख्ख्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत तर शिसे ८४, अँटिमनी १२ आणि कथील ४ टक्के असे प्रमाण होते. हा धातू साच्यात फार सुंदर भरतो, पण ठिसूळ असतो. एकट्याचे मणी ओतू नका. पाच किलो मऊ शिशात अर्धा किलो खिळे घातले की कडकपणा पुरेसा येतो.

बॅटरीतल्या जाळ्या मात्र कधीही वितळवू नका, कितीही स्वस्त मिळाल्या तरी. त्यांच्यावर गंधकाम्ल असते, भुकटीच्या रूपातले शिसे असते, आणि अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम यांच्या मिश्रधातूमुळे उरलेल्या मळीला ओल लागली की आर्सिन आणि स्टिबिन हे जीवघेणे वायू सुटू शकतात. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवी.

जागा, वेळ, कपडे

उघड्यावर, वारा पाठीवरून जाईल असे उभे राहा. पडवीत, गोठ्यात, स्वयंपाकघराजवळ नको. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर नकोच. सारवणात ओल असते आणि त्यात पडलेली शिशाची भुकटी नंतर कशानेही निघत नाही. सिमेंटच्या कोब्यातही ओल मुरलेली असते, त्यावर पातळ शिसे सांडले की टवका उडतो. सगळ्यांत चांगले म्हणजे लोखंडी पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये दोन बोटे कोरडी वाळू पसरून त्यावर शेगडी आणि साचा दोन्ही ठेवणे. सांडलेले वाळूवर गोठते आणि परत भांड्यात जाते.

खानदेशात चैत्र-वैशाखात सावलीतही ४२-४४ अंश असतात. अशा वेळी जाड कपडे घालून आगीसमोर उभे राहणे म्हणजे घामाने डोळे भरणे, आणि घाम भरला की हात चुकतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंतची सकाळ या कामाला योग्य. पावसाळ्यात आणि पावसाची चिन्हे असताना काम काढू नका, कारण यातला सर्वांत मोठा अपघात पाण्याचा आहे. पाण्याची वाफ झाली की त्याचा आकार १,६०० पटींहून जास्त वाढतो. रसाच्या वर पडलेला थेंब नाचून उडून जातो. तोच थेंब ओल्या भंगाराबरोबर रसाच्या खाली गेला तर भांड्यातले सगळे शिसे तोंडावर उडते.

सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा, सुती किंवा जीनची विजार, बंद चामडी बूट. विजारीचे पाय बुटावरून बाहेर सोडा, आत खोचू नका, नाहीतर उडालेले शिसे बुटात उतरते. टेरिकॉटचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. चप्पल चालणार नाही. पूर्ण चेहरा झाकणारे पारदर्शक ढाल-कवच, चामड्याचे लांब हातमोजे आणि एन-९५ मास्क घ्या. रुमाल बांधून शिशाची धूळ अडत नाही.

आग विझवायला कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवा. पाण्याची बादली मात्र वीस पावले लांब ठेवा. ती भाजल्यावर हात बुडवायला असते, आगीवर ओतायला नाही.

भांडे आणि पळी

चार इंची लोखंडी पाइपचा १० सेंटिमीटर उंच तुकडा, भिंत ४-५ मिलिमीटर जाड, खाली ६ मिलिमीटरची पाटी आतून-बाहेरून पूर्ण वेल्डिंग केलेली: एवढे भांडे पुरते. जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात अर्ध्या दिवसात होते. कान दोन हवेत, आणि एका बाजूला लांब दांडा नको, त्याला पाय लागून भांडे उलटते. आत पाणी भरून गळती तपासा, मग रिकामे भांडे शेगडीवर अर्धा तास तापवून पूर्ण कोरडे करा. या भांड्यात पाच किलो शिसे साडेपाच सेंटिमीटर उंचीपर्यंत येते, त्यात पळी नीट बुडते. पसरट कढईत तेच शिसे तळाला पसरते आणि लवकर थंड होते.

ॲल्युमिनियमची पातेली, जस्ताचा मुलामा असलेल्या बादल्या, पितळी भांडी घेऊ नका. घरातले ॲल्युमिनियमचे पातळ भांडे आगीवर मऊ पडून वजनाने फाटते. जस्त रसात विरघळते. बिडाची कढई चालते, पण आधी ती टिचकी मारून पाहा. तडा असेल तर आवाज फुटका येतो. आणि एकदा शिशाला वापरलेले भांडे, झारा, पळी पुन्हा स्वयंपाकात येता कामा नये. त्यांना लाल रंगाची खूण करा आणि घराबाहेर ठेवा.

पळी २० मिलिलिटरची, एका बाजूला चोच असलेली, हातभर लांब दांड्याची. एका पळीत दोनशे दहा ग्रॅमच्या आसपास पातळ शिसे मावते. मोठी पळी मनगट थकवते आणि हात हलला की धार चुकते. शेगडी तीन दगडांवर टेकवलेली नको, चार पायांची, रुंद बुडाची हवी. किती इंधन लागेल याची काळजी नको: पाच किलो शिसे ३० अंशांवरून ३६० अंशांपर्यंत नेऊन वितळवायला लागणारी उष्णता एक-सव्वा लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकीच आहे. म्हणूनच शिसे कधी फार तापले ते कळत नाही.

साचा

मातीचा साचा एका ओतीचा, सागाच्या लाकडाचा वीस-पंचवीस ओतींचा. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा बाहेरून कोरडा दिसला तरी त्याच्या आत पाणी अडकलेले असते. तो १२०-१५० अंशांवर कित्येक तास भाजल्याशिवाय त्यात शिसे ओतणे धोक्याचे आहे. दोनशे मणी ओतायचे असतील तर ॲल्युमिनियमचाच साचा करून घ्या, तो आयुष्यभर पुरतो.

२५ मिलिमीटर रुंद आणि २८ मिलिमीटर उंच ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या घ्या, १५० मिलिमीटर लांब. त्यांच्या समोरासमोरच्या बाजू सपाट करून घ्या, इतक्या की एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरल्या तर फट दिसू नये. दोन टोकांना ६ मिलिमीटरच्या दोन पिना आडव्या बसवा, म्हणजे पट्ट्या दर वेळी जागच्या जागीच मिटतात. मग दोन्ही पट्ट्या शिकंज्यात घट्ट धरून, बरोबर सांध्याच्या रेषेवर, वरून खाली आरपार भोके पाडा. पहिले भोक टोकापासून २० मिलिमीटरवर, मग दर २२ मिलिमीटरवर एक, अशी सहा. आधी ४ मिलिमीटरचा ड्रिल, मग १० मिलिमीटरचा. थेट मोठा ड्रिल लावला तर तो सांध्यावरून एका बाजूला सरकतो आणि मणी एकीकडून जाड होतो. वरची तोंडे शंकूच्या ड्रिलने १६ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर खोल करा. ही छोटी वाटी फार महत्त्वाची: शिसे गोठताना आक्रसते तेव्हा खालच्या मण्याला लागणारा रस इथूनच मिळतो.

तळाला ५ मिलिमीटर जाडीची लोखंडी पाटी, तिच्यात सहा भोकांच्या बरोबर मध्यावर ४ मिलिमीटरच्या, ६० मिलिमीटर उंच, चकचकीत सळया उभ्या. याच मण्याचे भोक करतात. सळई वरच्या टोकाकडे किंचित निमुळती हवी. शिसे थंड होताना लोखंडापेक्षा जास्त आक्रसते आणि सळईला आवळून धरते. सळई खरबरीत असेल तर मणी फाडूनच काढावा लागतो. पातळ दोरीसाठी २ मिलिमीटरचे भोक हवे असेल तर सायकलची आरी सळईसारखी वापरता येते.

पट्ट्यांच्या आतल्या सपाट बाजूंवर, प्रत्येक खोबणीपासून बाहेरपर्यंत, सुईने केसासारख्या तीन-चार रेघा ओढा. हवा तिथून निघते. शिसे इतक्या बारीक फटीत शिरत नाही.

अशा साच्यातला मणी १० मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर भोकाचा, म्हणजे मऊ शिशाचा १८.७ ग्रॅम. वजन बदलायचे असेल तर बाहेरच्या आणि भोकाच्या व्यासाचे वर्ग मिलिमीटरमध्ये काढा, त्यांच्या फरकाला ०.७८५ने गुणा, मग लांबीने, आणि येणाऱ्या आकड्याला १,०००ने भागून ११.३४ने गुणा. ८ मिलिमीटर जाड, ३ मिलिमीटर भोक आणि २० मिलिमीटर लांब मणी असा ९.८ ग्रॅमचा येतो.

किती मणी लागतील? उथळ, संथ पाण्यात घेराच्या दर मीटरला ३०० ग्रॅम चांगले. दोन मीटर त्रिज्येच्या जाळ्याचा घेर १२.५७ मीटर, म्हणजे ३ किलो ७७० ग्रॅम शिसे. १८.७ ग्रॅमचे २०० मणी, दर ६.३ सेंटिमीटरवर एक. खोल डोहात किंवा प्रवाहात वजन वाढवा, पण चारशेच्या वर नेले तर फेकताना खांदा भरतो आणि जाळे पूर्ण उघडायच्या आत खाली येते.

आटवणे आणि साफ करणे

सगळे भंगार आधी ऊन आणि वाऱ्यात दोन दिवस वाळवा. नळाचे तुकडे दोन्ही बाजूंनी उघडे करा, चेचून बंद झालेल्या नळीत पाणी राहते. पहिली भर थंड भांड्यात घाला आणि मग आग लावा. नंतर घालायचा प्रत्येक तुकडा आधी भांड्याच्या काठावर पाच-दहा मिनिटे तापू द्या. पळी आणि झाराही तसाच काठावर तापवून मगच बुडवा. थंड पळीवर जमलेली ओलसुद्धा शिसे उडवते.

उष्णता मोजायला के-प्रकारच्या तारेचे डिजिटल तापमापक स्वस्तात मिळते, तेच घ्या. मऊ शिसे ३६० ते ३९०, अँटिमनी मिसळलेले ३४० ते ३७०. तापमापक नसेल तर रसाचा पृष्ठभाग खरवडून बघा: आरशासारखा पांढरा राहिला तर ठीक. त्यावर लगेच सोनेरी, मग जांभळी-निळी साय धरली तर जास्त तापले आहे, कोळसे मागे ओढा. ५०० अंशांच्या खाली शिशाची वाफ फारच कमी होते, पण वर साठणारी राखाडी भुकटी झपाट्याने वाढते, आणि ती भुकटीच हवेत उडून त्रास देते.

रस झाला की हरभऱ्याएवढे मेण टाका, वाऱ्याची बाजू सांभाळून. ते पेटते, पेटू द्या, धूर कमी होतो. दोन मिनिटे लोखंडी सळईने तळापासून ढवळा. मेणाच्या कोळशाने वरची राखाडी साय पुन्हा चकाकते शिसे बनते, माती-गंज-काडी कोरड्या काळ्या भुशासारखी वर येते. पहिल्यांदाच राखाडी साय झाऱ्याने काढून टाकणारे बरेच चांगले शिसे फेकतात. मेण नसेल तर खडखडीत वाळलेला लाकडाचा भुसा मूठभर पसरून जळू द्या आणि ढवळा. नुकत्याच कापलेल्या लाकडाचा भुसा ओला असतो, तो नको.

काढलेली मळी झाकणाच्या डब्यात. उकिरड्यावर, बांधावर, नदीकाठी नाही.

ओतणे

साच्याच्या आतल्या बाजूंना आणि सळयांना मेणबत्तीची काजळी धरवा, पातळ, सारखी. तेल लावू नका. तेलाचा अंश राहिला तर मणी सुरकुततो. मग मिटलेला साचा भांड्याच्या काठाला टेकवून दहा मिनिटे तापवा. साचा १५० ते २०० अंशांवर हवा. तापमापक नसेल तर पहिल्या ओती करून बघणे हाच उपाय.

पळी बुडवताना तिच्या पाठीने साय बाजूला सारा आणि खालचे स्वच्छ शिसे घ्या. चोच सळईच्या शेजारी, वाटीच्या कडेला एक सेंटिमीटर उंचीवर धरा आणि बारीक पण अखंड धार सोडा. एक खोबण भरायला एक-दीड सेकंद लागतो. वाटी काठोकाठ भरली की थांबून क्षणभर तिथेच आणखी एक थेंब सोडा, कारण रस खाली ओढला जातो. सहाही खोबणी एका पळीत व्हायला हव्यात, साधारण १४० ग्रॅम लागतात.

आता वाटीकडे बघा. आधी ती आरशासारखी चमकते, मग कडेकडून मधे पांढुरकी, धुकट होत जाते. सगळी वाटी धुकट झाली की मनात पाच मोजा. आधी तळाची पाटी थोडी पिळून सळया सैल करा आणि खाली ओढून घ्या. मणी गरम असतानाच सळई सहज निघते. दोन मिनिटे थांबलात तर पकडीने उपटावी लागते. मग साचा उघडून मणी कोरड्या सुती कापडावर टाका. पाण्यात टाकून थंड करू नका. मऊ शिशाला त्याचा काही फायदा नाही, आणि भांड्याजवळ पाणी आणण्याचा धोका उगाच ओढवतो.

पहिल्या सात-आठ ओती वायाच जातात असे समजा. मण्यांवर आडव्या सुरकुत्या येतील, कडा गोल राहतील. हे थंड साच्याचे लक्षण आहे, आग वाढवण्याचे नाही. वेग कायम ठेवून ओतत राहा, साचा आपोआप तापतो. आणि एकदा लय लागली की ती मोडू नका. दर मिनिटाला एक ओत चांगली. मधे तंबाखू मळायला थांबलात तर साचा थंड होतो आणि हातही तोंडात जातो.

काय बिघडते आणि का

सुरकुत्या: साचा थंड, क्वचित तेलकट. मणी चमकदार ऐवजी बर्फासारखा पांढुरका, दाणेदार: साचा फार तापला, दोन ओतींमधे अर्धा मिनिट जास्त थांबा. वजनात फरक पडत नाही, असे मणी वापरता येतात.

मण्याच्या वरच्या टोकाला, सळईजवळ, खोल खड्डा पडला तर वाटी पूर्ण भरली नव्हती किंवा धार मधे तुटली होती. खड्डा आतपर्यंत गेलेला असतो. असा मणी तोलला तर एक-दोन ग्रॅम हलका निघतो, तो परत भांड्यात.

बाजूंना पातळ पंख निघत असतील तर साचा नीट मिटत नाही. बहुतेक वेळा आतल्या सपाट बाजूवर शिशाचा तिळाएवढा कण चिकटलेला असतो. तो सुरीने खरवडू नका, ॲल्युमिनियमला चरा पडतो. साचा गरम असतानाच बांबूच्या कामटीने निघतो. पोटात काळे ठिपके आणि छिद्रे दिसली तर पळीबरोबर साय आली आहे, पुन्हा मेण टाकून ढवळा. खालचे टोक अर्धवट भरत असेल तर हवेच्या रेघा काजळीने बुजल्या आहेत, साचा थंड करून, साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून रेघा मोकळ्या करा. आणि सगळे ठीक असूनही शिसे साच्यात शिरायला नकोच म्हणत असेल, दाट झाले असेल, तर जस्त मिसळले गेले आहे.

कापणे, तोलणे

वाटीतला गड्डा गरम असतानाच पकडीच्या कटरने छाटा. कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. कानशीने जी भुकटी उडते ती दिसत नाही, पण श्वासात आणि बोटांच्या रेघांत जाते. सुरीने कापले तर मोठे कपचे पडतात, ते गोळा करता येतात. भोकाच्या दोन्ही तोंडांना १० मिलिमीटरचा ड्रिल हातानेच दोन वेळा फिरवा, म्हणजे धार जाते आणि दोरी कापत नाही. हे काम वगळले तर एका हंगामात घेराची दोरी मण्यांपाशीच तुटत जाते.

मग सराफाकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा डिजिटल काटा घ्या आणि सगळे मणी तोला. एका ग्रॅमच्या पलीकडचे बाजूला. राहिलेल्यांचे तीन ढीग करा: जड, मध्यम, हलके. ओवताना हे तीन क्रमाने पुन्हा पुन्हा घ्या, म्हणजे घेराच्या कुठल्याही समोरासमोरच्या दोन भागांचे वजन सारखे राहते.

हात, कपडे, पोट

काम संपल्यावर जमीन आणि ट्रे ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू मारला तर बसलेली धूळ उठते. फडके मळीच्या डब्यात. कपडे तिथेच बदलून वेगळ्या बादलीत, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. हात कोपरापर्यंत साबणाने, नखांत ब्रश घालून, वाहत्या पाण्याखाली, मग आंघोळ, मग भाकरी.

तळहातावर तंबाखू-चुना मळताना हातावरचे शिसे तंबाखूत मिसळते आणि गालात तासभर राहते. बिडीचेही तसेच. ओतकामाच्या आणि मणी ओवण्याच्या दिवशी तंबाखूची पुडी घरीच ठेवा. चिरलेला मणी दातांनी दाबून बसवण्याची सवय तर कायमची सोडा, त्यासाठी बोथट पकड घ्या. गूळ खाल्ला, दूध प्यायले म्हणजे शिसे उतरते असे अनेक जण मानतात. तसे होत नाही.

वारंवार ओतकाम करणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासून घ्यावे. शिरेतून काढलेल्या रक्ताची चाचणी असते. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, थकवा, रक्त कमी होणे ही लक्षणे उशिरा येतात, त्यांची वाट बघू नका.

भाजले तर लगेच वीस मिनिटे गार, वाहते पाणी. कातडीला चिकटलेले शिसे ओढून काढू नका. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून दवाखान्यात जा.

जाळ्यात ओवणे

मण्यांना एनॅमल रंगाचे दोन हात द्या, तारेवर टांगून वाळवा. रंग झिजतो, पण झिजेपर्यंत बोटांना शिसे लागत नाही. तीन मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या, घेराच्या मापापेक्षा हातभर जास्त. सगळे मणी ओवून दोरी जमिनीवर गोल पसरा आणि दर ६.३ सेंटिमीटरवर खडूच्या खुणा करा. प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना दोरी जाळ्याच्या शेवटच्या घरांना सुतळीने आवळा, मणी किंचित फिरेल इतपतच जागा ठेवा. घट्ट बांधलेला मणी दगडात अडकला की जाळे फाटते, सैल सरकणारा मणी शेजाऱ्यावर जाऊन आपटतो.

शेवटी जाळे कोरड्या, सपाट शेतात फेकून बघा. घेर गोल पडला आणि सगळे मणी एकदम जमिनीला लागले असा एकच आवाज आला तर काम बरोबर आहे. एका बाजूचा आवाज मागाहून आला तर त्या बाजूचे दहा-बारा मणी काढून पुन्हा तोला.

एक गोष्ट पाण्याच्या कडेची. तुटलेले, गळालेले मणी आणि कपचे काठावर टाकू नका. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात, ती अन्न दळायला खडे गिळतात आणि खड्यांबरोबर शिशाचे लहान तुकडेही. ब्रिटनने याच कारणाने १९८७पासून गळाला लावायच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली. गळालेला मणी सापडला तर डब्यात टाका, पुढच्या ओतीला तो कामाला येतो.